लाभ किलो सहाशे

माझ्या नातीचं पहिलं वजन सिस्टरबाईंनी वाचलं, "एक किलो सहाशे," आणि मी दारातूनच ओरडलो, "एक म्हणू नका!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. लातूरच्या मोठ्या दवाखान्यातला, कमी दिवसांच्या बाळांचा वॉर्ड तो. तिथं यंत्रंसुद्धा दबकून वाजतात, आणि माझा आवाज पडला मोंढ्यातला. सिस्टरबाई नातीला हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"मग काय म्हणू बाबा? काटा तर एकच सांगून राहिला."

"लाभ म्हणा," मी म्हणालो. "लाभ किलो सहाशे."

ज्याला मोंढा माहीत नाही त्याला हे सांगावं लागेल. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मी उभी हयात मापाड्याचं काम केलं. आडतीपुढं तुरीचा, हरभऱ्याचा ढीग पडला की तो मापून द्यायचा आणि दर मापाला मोठ्यानं पुकारायचं, हे आमचं काम. पहिल्या मापाला मापाडी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं की माल एकावरच अडतो, असं जुने लोक सांगायचे. आमचं घर बौद्धाचं. नवस, अंगारा, गंडादोरा माझ्या वडलांनी सोडला तो कायमचा सोडला, आणि मीही त्यातलं काही मानत नाही. पण मापाला एक म्हणायचं नाही, हे मी सोडलेलं नाही. ते देवाचं नाही, ते धंद्याचं आहे.

सिस्टरबाईंनी जरा विचार केला. "कागदावर एकच लिहीन," त्या म्हणाल्या, "बोलताना लाभ म्हणीन. चालंल?"

"चालंल," मी म्हणालो. तिथून आमचं जमलं.

नात महिनाभराहून जास्त आधी आली होती. सुनेचं बी.पी. चढलं, पायांना सूज आली, उदगीरच्या डॉक्टरांनी गाडीत घालून लातूरला धाडलं आणि तिथं ऑपरेशन करून बाळ बाहेर काढलं. सुनेला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडंच होतं. मुलगा माझा फौजेत, पार वर बर्फात, रजा मंजूर व्हायची होती. तेव्हा दवाखान्यात माणसं आम्ही तिघंच. सून, माझी म्हातारी आणि मी.

डॉक्टर वयानं लहान पण बोलायला सरळ. म्हणाले, "पोरगी स्वतःचा श्वास घेतेय, हे चांगलं आहे. पण अंगात ऊब धरत नाही आणि प्यायला दमते. वजन चढलं पाहिजे. दोन किलोच्या घरात आली आणि आईच्या अंगावर नीट प्यायला लागली, की घेऊन जा. तोपर्यंत मी काही कबूल करत नाही."

आम्हालाही मग दुसरं काही सुचेना. दोन. एवढाच आकडा डोक्यात.

ऊब द्यायची कशी, ते सिस्टरबाईंनी सांगितलं. बाई लोह्याकडच्या, माझ्या मुलाच्या वयाच्या, चालणं झपझप. म्हणाल्या, "बाळाला उघड्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी. कांगारू पद्धत म्हणतात. कांगारूच्या पोटाला पिशवी असते ना, तसं. आईची छाती सगळ्यात चांगली. पण आई ऑपरेशनची हाय, थोडा थोडा वेळच घेऊन राहिली. मधल्या वेळात घरातल्या कुणीतरी घ्यावं लागंल."

म्हातारी लगेच पदर खोचून पुढं झाली आणि तिला अशी शिंक आली, की समोरचा पडदा हालला. मागोमाग दुसरी. सिस्टरबाईंनी तिला खांद्याला धरून अलगद वळवलं आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर नेऊन बसवलं. "मावशी, सर्दी जाईपर्यंत आत यायचं न्हाई. रागावू नका."

"मग पोरीला घेणार कोण?" म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली.

"बाबा हायत की."

मी मागं वळून बघितलं, की दुसरे कोणते बाबा उभे आहेत. कोणी नव्हते.

आता माझी अडचण नीट सांगतो, कारण नंतर लोक हसले. आमच्याकडं सून सासऱ्याशी तोंडानं बोलत नाही. भांडण असतं म्हणून नाही, मान असतो म्हणून. लग्न होऊन तिला तीन वर्षं झाली होती, पण माझ्याशी समोरासमोर एक शब्द नाही. मग घर चालतं कसं? तर आमच्या ओसरीला एक काळी शेळी बांधलेली असते. सून चहा ठेवायची आणि शेळीला म्हणायची, "च्या निवून चाललाय बाई." मी चहा उचलायचो आणि शेळीला म्हणायचो, "साखर कमी पडली जरा." दुसऱ्या दिवशीही साखर तेवढीच. मला वाटायचं, एवढी बारीक गोष्ट शेळीला पोचवता येत नसेल. पण गॅस संपला, पाहुणे येणार, लाइट बिलवाला येऊन गेला, हा सगळा कारभार त्या शेळीच्या कानातून चालायचा. म्हातारी म्हणायची, "या घरात समद्यात जास्त त्या शेळीलाच ठावं हाय."

अशा सुनेच्या शेजारच्या खुर्चीत मी अंगातली बंडी काढून, उघड्या छातीनं बसायचं? मी स्वच्छ सांगितलं, "बाई, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. दुसरा इलाज सांगा."

"दुसरा इलाज न्हाई बाबा. लाज वाटून राहिली का?"

"लाज कशाची? इज्जतीचा सवाल हाय."

"मधी पडदा लावते," सिस्टरबाई म्हणाल्या. "पडद्याच्या अलीकडं तुमी, पलीकडं तुमची इज्जत."

बाहेरच्या बाकड्यावरून म्हातारी ओरडली, "काढा की बंडी! मोंढ्यात तर दिवसभर उघडेच फिरत होता!"

मी बंडी काढायला घेतली. तरी सिस्टरबाईंनी मला लगेच बसवलं नाही. आधी तोंडातली तंबाखू थुंकून चूळ भरायला लावली आणि डबी म्हातारीकडं जमा केली. मग आंघोळ. आंघोळ करून मी धुतलेली बंडी घातली, दवाखान्यात जायचं म्हणून मानेला थोडा हिना लावला. मोंढ्यातला माझा एक जुना सोबती अत्तर विकतो, त्याचा तो हिना, अव्वल. सिस्टरबाईंनी हातभर अंतरावरून वास घेतला आणि म्हणाल्या, "परत जा. बाळाला तुमचा वास पाहिजे, अत्तराचा न्हाई." एका सकाळी दोन आंघोळी मी लग्नातही केल्या नव्हत्या. मग कोपरापर्यंत हात धुवायचे, नखांच्या आतून. एवढं झाल्यावर खुर्चीला मागं उशी लावून मला टेकून बसवलं आणि पोरगी आणली.

टोपी, मोजे आणि ढुंगणाला फडकं, बाकी उघडी. त्यांनी तिला माझ्या छातीवर उभी ठेवली, पाय बेडकासारखे मुडपून, तोंड एका बाजूला, आणि वरून मऊ कापडानं माझ्या अंगाला बांधून टाकली. "एक हात पाठीखाली. मान अशी वर. हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडतो, एवढं सोडून दुसरं काही विसरलात तरी चालंल. आणि डोळा लागायला लागला तर मला आवाज द्या, मी काढून घेईन."

"मला दिवसा झोप येत न्हाई," मी म्हणालो.

या छातीवर मी क्विंटलाची पोती पेलली आहेत. पण ही पोरगी ठेवल्यावर मला धड श्वास घेता येईना, इतकी ती हलकी. तिच्या पाठीचे मणके माझ्या तळहाताला हरभऱ्याच्या दाण्यांसारखे लागत होते. पाय गार. थोड्या वेळानं तिनं एक सुस्कारा टाकला, पार म्हाताऱ्या बाईसारखा, आणि माझ्या छातीचे चार पांढरे केस मुठीत धरले. सिस्टरबाईंनी पायाला हात लावून बघितलं. "बघा, ऊन झाले पाय."

आमच्या काळात बापानं आपलं पोर थोरांच्या देखत उचलायचं नसायचं. मुलगा माझ्या मांडीवर असा कधी बसला, मला सांगता येणार नाही. रीतच तशी होती. त्यामुळं एवढं लहान माणूस एवढा वेळ माझ्या अंगावर, हे पहिल्यांदाच. आणि खरं सांगतो, मला आवडलं. सिस्टरबाई घ्यायला आल्या तेव्हा मी म्हणालो, "राहू द्या, झोपलीय ती."

पण शेळीवाचून आमचं अडायला लागलं. पडद्याच्या पलीकडून सून हळूच म्हणायची, "सिस्टर, मामांना म्हणावं, टोपी सरकलीय का बघा." सिस्टरबाई मला सांगायच्या. मी म्हणायचो, "सांगा, जागेवर हाय." त्या तिकडं जाऊन सांगायच्या. मग तिकडून, "मामांना म्हणावं, प्यायची येळ झाली." दिवस-दोन दिवस त्यांनी सहन केलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या पडद्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"मला एवढी बाळं हायत बघायला, आणि मी तुमचे निरोप नेऊन राहिले. मी काय तुमची शेळी हाय का?"

बाहेरच्या बाकड्यावर म्हातारीनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. पडद्यापलीकडं सून हसली. पदर तोंडात कोंबून हसली, पण मला ऐकू आलं.

"बाळाशी तरी बोला," सिस्टरबाई म्हणाल्या. "तिला दोघांचे आवाज ओळखू येऊ द्या. घरचे आवाज ऐकून बाळं शांत राहतात."

हे मात्र आम्हाला दोघांनाही पटलं. लगेच दुपारी पडद्यामागून आवाज आला, "बाळा, तुज्या आज्याला सांग, पाठीखालचा हात ढिला पडलाय." मी हात घट्ट केला आणि नातीला म्हणालो, "तुज्या आईला सांग, आज्याचा हात कधी ढिला पडत न्हाई. आन तिला म्हणावं, जेवलीस का?"

"सांग, अर्धी भाकर खाल्ली."

"सांग, अर्धीनं दूध उतरत न्हाई. पुरी खा म्हणावं."

सिस्टरबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे शेळी बदलली फक्त!"

वजनाचं मात्र वेगळंच झालं. मी रोज पोरगीला छातीवरून उतरवताना हातानं तोलायचो. माझा हात म्हणजे काटा, हे मोंढ्यात कोणालाही विचारा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पुकारा केला, "वाढली! पन्नास-साठ ग्रॅम तरी वाढली!" म्हातारी तेवढ्यात खाली जाऊन पेढे घेऊन आली. सिस्टरबाईंनी काट्यावर ठेवलं.

"लाभ किलो पाचशे वीस."

कमी झाली होती. मी म्हणालो, "काटा झटकून घ्या. कबुतर बसलं असंल त्याच्यावर."

"बाबा, दवाखान्यात कबुतर कुठलं? पहिले काही दिवस समद्याच बाळांचं वजन उतरतं. आता चढंल. घाबरू नका."

"मी घाबरलो न्हाई. तुमचा काटा खोटा हाय."

त्यांनी मला काट्यावर अर्ध्या किलोचं वजन ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता. तरी मी म्हणालो, "वजन खोटं असंल." पण रात्री जेवण गेलं नाही. पेढे म्हातारीनं फडक्यात बांधून पिशवीत ठेवले, कोणाला दिले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी बसायची वेळ वाढवली. पाठ अवघडली तरी उठलो नाही. सून तिच्या वेळेला घ्यायची, तिचं झालं की मी. प्यायला आईकडं, निजायला माझ्याकडं.

मधेच एकदा मुलाचा व्हिडिओ कॉल आला. सिस्टरबाईंनी फोन माझ्यासमोर धरला. त्याच्या मिशीवर बर्फ आणि इकडं मी उघडा, छातीला कापड गुंडाळलेला, मधून एवढीशी टोपी बाहेर. तो बघतच राहिला.

"बापू, हे काय?"

"कांगारू," मी म्हणालो.

तो एवढा हसला की फोन त्याच्या हातातून पडला, आम्हाला नुसतं आभाळ दिसायला लागलं. परत उचलला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. पलीकडं त्याचे सोबती विचारत होते, काय झालं, काय झालं. तो हिंदीत त्यांना म्हणाला, माझ्या बापाला मूल झालं. असा तो, लहानपणापासून वात्रट.

आता जे सांगायचं ते या सगळ्याच्या नंतरचं. वजन चढणीला लागलं होतं. सिस्टरबाई रोज पुकारायच्या, "लाभ किलो सहाशे, लाभ किलो सहाशे चाळीस," आणि मला मोंढ्यात असल्यासारखं वाटायचं. त्या दुपारी म्हातारीनं डब्यात ज्वारीची भाकरी, वरण आणि शेंगांची चटणी आणली होती. मी बाहेर बाकड्यावर बसून पोटभर जेवलो, हात धुतले, आत येऊन पोरगीला छातीवर घेतलं. बाहेर ऊन, आत पंख्याची घरघर, छातीवर ऊब. सिस्टरबाई वॉर्डाच्या पार दुसऱ्या टोकाला, नव्या आलेल्या बाळाजवळ. मी एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला असेल.

"मामा! मान! मान वर करा तिची!"

वीज पडल्यासारखा तो आवाज. मी डोळे उघडले. पडदा बाजूला झालेला, सून खाटेवरून उठून, एका हातानं पोटाचे टाके दाबून उभी. नातीची हनुवटी माझ्या छातीत रुतली होती. मी तळहातानं तिचं डोकं वर उचललं, तोंड बाजूला केलं. तिनं एक मोठा श्वास ओढला, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. तेवढं रडणं तिनं आजवर केलंच नव्हतं. सिस्टरबाई धावत आल्या, बाळाला हातात घेतलं, ओठ बघितले, पाय बघितले, नळी कानाला लावून छाती ऐकली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडं बघत.

"काही झालं न्हाई," त्या म्हणाल्या. "येळेवर मान उचलली. बाबा, झोप आली तर आवाज द्या म्हणलं होतं ना?"

"झोपलो नव्हतो," मी म्हणालो. "डोळे मिटले होते."

त्यांनी नातीला परत माझ्याच छातीवर ठेवली, हे मी विसरणार नाही. मात्र या खेपेला पडदा ओढायला त्यांनी हात लांबवला आणि मग तो तसाच सोडून दिला. गेल्या निघून.

आम्ही दोघंच राहिलो. मी उघडा, डोईवर रुमाल नाही. तिच्या डोक्यावर पदर नाही, केस विस्कटलेले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिचं तोंड नीट बघितलं. नातीची हनुवटी हिचीच होती. ती घाबरली होती, पण आता बाळासाठी नाही. सासऱ्यावर ओरडली म्हणून. तिनं चाचपून पदर वर घेतला आणि भिंतीकडं बघायला लागली. मला वाटलं, आता ही भिंतीला काहीतरी सांगणार. तिथं शेळी नव्हती, आणि बाळाच्या कानातून सांगण्यासारखंही ते नव्हतं.

"आवाज चांगला हाय तुझा," मी म्हणालो. थेट तिलाच म्हणालो. "मोंढ्यात चालला असता."

ती आधी हसली. मग रडली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "मामा, लई भ्याले मी."

"मी बी," मी म्हणालो. हे मी म्हातारीला अजून सांगितलेलं नाही.

त्यानंतर आमच्यात बोलण्याचं जे धरण फुटलं ते विचारू नका. तीन वर्षांचं साचलेलं. ती म्हणाली, "मामा, एक सांगू? चहात साखर मी मुद्दाम कमी टाकत होते. तुमची शुगर वाढलीय, सासूबाईंनी सांगितलं होतं."

"म्हणजे शेळीनं निरोप दिला होता?"

"दिला होता की. रोज देत होती."

मी तिला मोंढ्यातल्या गोष्टी सांगितल्या, तिनं मला तिच्या आईच्या. मोबाइलवर मुलाला मेसेज कसा बोलून पाठवायचा ते तिनं शिकवलं. पोरगी मधे, एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं. सिस्टरबाई येता-जाता म्हणायच्या, "आता जरा हळू बोला, दुसरी बाळं झोपून राहिली." एक तरुण बाप समोरच्या खुर्चीत शर्टाची बटणं धरून लाजत बसला होता. सून त्याला पलीकडून म्हणाली, "दादा, काढा शर्ट. आमच्या मामांनी काढली बंडी, तुमचं काय घेऊन बसलात?" माझी छाती तेव्हा दोन इंच फुगली असेल. नातीला हिसका बसला.

म्हातारीची सर्दी एकदाची गेली आणि तिला आत सोडलं. ती येताना पिशवीतून गुटी, मध आणि काजळाची डबी घेऊनच आली. सिस्टरबाई काही म्हणायच्या आधी सूनच म्हणाली, "सासूबाई, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही न्हाई. मध बी न्हाई. काजळ डोळ्यात न्हाई." म्हातारी माझ्याकडं बघायला लागली, की सुनेला काहीतरी बोला. मी म्हणालो, "बरोबर हाय तिचं." म्हातारी म्हणाली, "अरे देवा, ही दोघं एक झाली!" आणि काजळ पिशवीत टाकून, कोपरापर्यंत हात धुवायला गेली.

पुढं पुढं वजन दोनाच्या जवळ आलं आणि तिथं रेंगाळलं. लाभ किलो नऊशे साठ. लाभ किलो नऊशे सत्तर. पोरगी आता आईच्या अंगावर दम न खाता प्यायची, गळ्यातून घुटक-घुटक आवाज यायचा. डॉक्टर म्हणाले होते, एवढ्यावरही सोडता येईल. मी म्हणालो, "न्हाई. ठरलं ते ठरलं. दोन म्हणजे दोन." सून म्हणाली, "मामांचं खरं हाय. एवढं थांबलो, आणखी थोडं." सिस्टरबाईंनी हात जोडले, "तुमी दोघं बोलत नव्हता तेच बरं होतं."

त्या सकाळी काट्याभोवती आम्ही सगळे. सिस्टरबाई मला म्हणाल्या, "बाबा, आधी तुमी सांगा. तुमचा हात काटा हाय ना?"

मी पोरगीला दोन्ही तळहातांवर घेतलं. हाताला दोनच लागत होते. पण मागच्या खेपेचे पेढे आठवले आणि मी जरा हात राखून बोललो. "लाभ किलो नऊशे ऐंशी."

सिस्टरबाईंनी तिला काट्यावर ठेवलं आणि बाजूला झाल्या. "आज मी न्हाई पुकारणार. आईनं पुकारायचं."

सून वाकली. आकडे थोडे हालले आणि थांबले. तिनं डोक्यावरचा पदर मागं सरकू दिला आणि मोंढ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडली,

"मामा! दोन!"

अख्ख्या वॉर्डानं वळून बघितलं. या वेळी कोणी दबकलं नाही. म्हातारी पेढे आणायला पळाली, ताजे. मी हारलो होतो, वीस ग्रॅमनं हारलो होतो, आणि उभ्या हयातीत काट्यापुढं हारून मी पेढे वाटलेले तेवढे एकदाच.

आता उदगीरला आमच्या दारात साबण आणि पाण्याची बादली असते. नातीला बघायला कोणीही येवो, आडत्या येवो की अत्तरवाला सोबती, आधी हात धुवायचे, मग उंबरा ओलांडायचा. लोक म्हणतात, म्हातारा चक्रम झालाय. म्हणू देत. गल्लीतल्या आशाताई वजन करायला येतात तेव्हा सून आकडा वाचते आणि मला आतून हाक मारते. मुलगा रजेवर आला तेव्हा त्यालाही मी आधी बादली दाखवली.

शेळीचं तेवढं वाईट वाटतं. तिला आता कोणी काही सांगत नाही. चहा आला की ती कान टवकारते, आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघते, आणि आम्ही आपापसातच बोलतो. म्हणून रोज सकाळी तिला पाला टाकताना मी नातीचं वजन तेवढं सांगतो. काल सांगितलं, चार किलोला आली. तिनं ऐकून घेतलं.